लॅटिन येत नसेल तर मध्ययुगातलं कुठलं सचित्र हस्तलिखित आधी बघावं?

तुमचा प्रश्न असा की युरोपातल्या सचित्र हस्तलिखितांची वेलबुट्टी आणि सोनेरी अक्षरं बघून आता तेच तेच वाटायला लागलंय, लॅटिन येत नाही, तत्त्वज्ञानाचं वाचनही फारसं नाही, तर असं एखादं आहे का ज्यातली चित्रं नुसती शोभेची नसून काहीतरी सांगतात. आहे, आणि मी तर म्हणेन आधी हेच बघा. नाव ब्रेविकुलम. म्हणजे साधारण ‘छोटंसं सार’. रामोन लुल नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाचं आयुष्य आणि विचार बारा पानभर चित्रांत मांडलेत, आणि ही चित्रं पुस्तकाच्या सुरुवातीलाच एकापाठोपाठ येतात त्यामुळे शोधत बसावं लागत नाही.

मी जर्मनीत कार्ल्सरूहला राहते आणि ही पोथी आमच्याच गावच्या बाडिशे लांडेसबिब्लिओथेकमध्ये आहे. आधी ती ब्लॅक फॉरेस्टमधल्या सेंट पीटर मठात होती, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मठ बंद झाले तेव्हा इथे आली, म्हणून तिचा नंबर अजून सेंट पीटर पर्ग. 92 असाच आहे, पर्ग म्हणजे पर्गामेंट, चामड्याचं पान. 1942 च्या बॉम्बहल्ल्यात या वाचनालयाची छापील पुस्तकं लाखोंनी जळाली, हस्तलिखितं मात्र आधीच दुसरीकडे हलवली होती म्हणून वाचली. मूळ पोथी मी हातात घेतलेली नाही, जे काही बघितलंय ते त्यांच्या साईटवर फुकट आहे त्यातूनच, झूम करकरून.

आधी लुल कोण ते थोडक्यात, नाहीतर चित्रं लागणार नाहीत. जन्म 1232 च्या सुमारास मायोर्का बेटावर. हे बेट अरागॉनच्या राजाने 1229 मध्येच मुस्लिम सत्तेकडून जिंकलेलं, त्यामुळे लुलच्या लहानपणी रस्त्यावर अरबी बोलणारी माणसं भरपूर, आणि त्यातले बरेच गुलाम. लुल दरबारी माणूस, बायको, दोन मुलं, आणि छंद म्हणजे प्रेमाच्या कविता करणं. तिशीत एका रात्री पलंगाशी बसून असंच एक गाणं रचत होता आणि त्याला क्रुसावरचा येशू दिसला. घाबरून झोपला, परत लिहायला बसला की परत तेच, असं पाच वेळा. पहिलं चित्र हेच आहे.

मग त्याने घरदार सोडायचं ठरवलं, रोकामादूर आणि सांतियागोच्या यात्रा केल्या आणि आयुष्यभराचं काम ठरवलं ते असं की मुसलमानांना तलवारीने नाही तर पटवून ख्रिस्ती करायचं, आणि पटवायचं तर आधी त्यांची भाषा यायला पाहिजे. (पुढे म्हातारपणी त्याने धर्मयुद्धाच्या बाजूनेही लिहिलंय, ते लपवण्यात अर्थ नाही, पण सुरुवात इथून आहे.)

आता तिसरं चित्र. माझं उत्तर खरं तर या एका चित्रासाठी आहे.

अरबी शिकायला लुलने एक मुसलमान गुलाम विकत घेतला. नऊ वर्षं त्याच्याकडून शिकला. म्हणजे मालक शिष्य आणि गुलाम गुरू. एक दिवस त्याच्या कानावर आलं की हा येशूबद्दल वाईट बोलला आणि लुलने त्याला मारलं, तोंडावर, डोक्यावर. गुलामाने ते मनात ठेवलं आणि संधी मिळाल्यावर शस्त्र घेऊन अंगावर आला. लुल जखमी झाला पण त्याने गुलामाला खाली पाडलं, घरातले लोक धावून आले आणि गुलामाला तिथेच मारून टाकणार होते, लुलने थांबवलं आणि त्याला कोंडून ठेवायला लावलं. मग लुल पेचात पडला, ज्याने ही भाषा दिली त्याला मारायचं कसं आणि सोडलं तर आपल्या जिवाचं काय. जवळच्या मठात जाऊन तीन दिवस प्रार्थना केली, उत्तर काही मिळालं नाही, आणि परत येताना कळलं की त्या माणसाने ज्या दोरीने बांधलं होतं त्याच दोरीने गळफास घेतला.

हे सगळं एका पानावर आहे. शिकवणं, मारणं, हल्ला, आणि कडेला कोठडीत लटकलेला माणूस. सगळं एकाच चौकटीत, लुल त्याच पानावर पुन्हा पुन्हा येतो, आपल्याकडच्या चित्रकथीत किंवा देवळातल्या भिंतीवरच्या चित्रांत एकच माणूस दोन-तीनदा दिसतो ना तसंच. लुलने स्वतः 1311 मध्ये पॅरिसमध्ये आपलं चरित्र मठातल्या काही मित्रांना सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं, त्यातच हे आलंय, आणि त्यात लुल देवाचे आभार मानतो की त्या मृत्यूचं पाप माझ्या हाताला लागलं नाही. मला हे वाक्य अजूनही पचत नाही. पण ज्याने ही पोथी करून घेतली त्याने आपल्या गुरूची, म्हणजे लुलची, ही गोष्ट गाळली नाही, उलट बारातलं एक आख्खं पान तिला दिलं, आणि त्या बिननावाच्या शिक्षकाला सोन्याच्या पानात जागा मिळाली. हे पान मी किती वेळा उघडलं असेल मोजलेलं नाही.

पोथी करून घेणारा म्हणजे तोमा ल मिएझिए, लुलचा शिष्य, उत्तर फ्रान्समधल्या अरासचा धर्मगुरू आणि आर्त्वाच्या सरदारीण माहोची वैद्यकी बघणारा. लुल 1316 च्या आसपास वारला, ही पोथी त्यानंतर थोड्याच वर्षांत झाली. लुलने अडीचशेच्या वर ग्रंथ लिहिलेत, कॅटलन, लॅटिन, अरबीत, कोण वाचणार एवढं? तोमाने आधी त्यातून मोठा संग्रह केला, मग तो आणखी आटवला, आणि सगळ्यात छोटा तो हा ब्रेविकुलम, फ्रान्स आणि नवारेच्या राणीसाठी. म्हणजे तुमच्यासारख्याच वाचकासाठी म्हणा ना, हुशार आहे, उत्सुक आहे, पण पोथ्यांचा ढीग उपसायला वेळ नाही.

विचार काय होता तेही सांगते कारण पुढची चित्रं त्यावरच आहेत. 1274 च्या सुमारास रांदा नावाच्या डोंगरावर लुलला आपली पद्धत सुचली, तिला तो आर्ट म्हणतो. मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, तिघंही एकमेकांचे धर्मग्रंथ मानत नाहीत, मग वाद घालायचा कशाच्या आधारावर? तर जे तिघांनाही मान्य आहे त्यावर. देव चांगला आहे, मोठा आहे, शाश्वत आहे, सामर्थ्य, ज्ञान, इच्छा, सद्गुण, सत्य, वैभव, अशी नऊ तत्त्वं, त्यांना बी पासून के पर्यंत नऊ अक्षरं (जे सोडून), आणि ती एकात एक बसवलेल्या तीन चाकांवर लिहायची. चाकं फिरवा, तीन अक्षरं समोर येतील, त्यातून प्रश्न तयार करा. नऊतून तीन म्हणजे तीन-तीन अक्षरांचे 84 गट होतात. 1666 मध्ये जर्मन गणितज्ञ लाइबनित्सने जोडणीच्या गणितावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर लुल होता, त्यामुळे कॉम्प्युटरवाल्यांनाही हा माणूस आवडतो. मला स्वतःला चाकांपेक्षा त्यामागची अट जास्त महत्त्वाची वाटते, की समोरच्याला जे मान्य आहे तिथूनच सुरुवात करायची.

या विचाराचं चित्र बघा. एक बुरुज आहे, असत्याचा बुरुज, त्यात सत्य कोंडलंय. एका पानावर ॲरिस्टॉटल घोड्यावर बसून फौज घेऊन चाल करतोय आणि त्याच्याबरोबर इब्न रुश्द, ॲरिस्टॉटलवर भाष्य लिहिणारा मुस्लिम तत्त्वज्ञ, युरोपात ज्याला अव्हेरोस म्हणतात तो. दुसऱ्या पानावर लुलची फौज, त्याच्या घोड्याचं नाव ‘शुद्ध हेतू’, आणि शिपाई म्हणजे ती तत्त्वंच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं लुल ॲरिस्टॉटलशी लढतोय. तसं नाहीये, दोन्ही फौजा एकाच बुरुजावर चालून चालल्यात! आणि गंमत म्हणजे पॅरिसमध्ये 1309 ते 1311 या काळात लुलने इब्न रुश्दच्या अनुयायांविरुद्ध ग्रंथामागून ग्रंथ लिहिले होते, तरी शिष्याने चित्रात खुद्द इब्न रुश्दला सत्य सोडवणाऱ्यांच्या बाजूला उभं केलं. हे लॅटिन न येता दिसतं, फक्त घोडे कुठल्या दिशेला तोंड करून आहेत ते बघा.

उत्तर आफ्रिकेतली चित्रं मी पटकन ओलांडते, ट्युनिस, बुजिया (आजच्या अल्जीरियातलं बेजाया), भर बाजारात वाद, दगड, कैद. दगडांनीच तो हुतात्मा झाला अशी कथा पुढे पसरली, पण पुरावा काही नाही, आणि त्याची समाधी पाल्माला सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये आहे. त्याच्या भाषेच्या हट्टाचं मात्र फळ मिळालं, 1311-12 च्या फ्रान्समधल्या व्हिएनच्या धर्मपरिषदेने पॅरिस, ऑक्सफर्ड, बोलोन्या, सालामांकाला हिब्रू आणि अरबीसारख्या भाषांचे शिक्षक नेमायचा ठराव केला.

बघताना एक सांगते, या चित्रांत माणसं बोलतात. तोंडातून लॅटिनच्या ओळी निघतात, कॉमिक्ससारख्या, आणि शेवटच्या दोन पानांवर तर बोलणं इतकं वाढलंय की चित्राच्या वर मजकुराचे खांबच्या खांब उभे आहेत. मजकूर लागला नाही तरी चालेल, कोण किती बोलतंय आणि कोण गप्प आहे तेवढं बघितलं तरी बरंच कळतं. साईटवर सेंट पीटर पर्ग. 92 टाका आणि पहिल्या पानापासून सरळ बारा पानं उलटा, मोबाईलवर नको, मोठ्या स्क्रीनवर.

बाराव्या पानावर तोमा राणीपुढे वाकलाय, हातात लहानमोठी पुस्तकं आहेत, राणीबरोबर तिच्या बायका आहेत. आणि लुलही तिथे उभा आहे, लांब दाढीचा. तो जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती.