युक्काचे खोड मऊ पडले तर : बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात युक्काविषयी चार प्रश्न आले. त्यातला मुळशीचा प्रश्न घाईचा आहे, म्हणून तो आधी घेतो.

मुळशी तालुका : फार्महाऊसच्या लॉनच्या कडेने बारा युक्का लावले आहेत. दोन वर्षे छान होते. ऑगस्टपासून तीन झाडांची पाने मलूल झाली, शेंड्याचा पोगा (मधली कोवळी पाने) ओढला की हातात येतो. पाणी कमी पडले असे वाटून ठिबक वाढवले. आता काय करावे?

दादा, ठिबक आजच बंद करा. पोगा हातात येतो म्हणजे खोडकुज शेंड्यापर्यंत पोहोचली आहे. पाने मलूल दिसतात ती तहानेने, हे खरे. पण जमिनीत पाणी भरपूर असूनही मुळे कुजल्यामुळे ते वर चढत नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते आणि झाडाला आणखी पाणी दिले जाते.

आपल्या बागांत दिसणारा बिनकाट्याचा युक्का मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. जाड खोडात तो पाणी साठवून ठेवतो. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेवढा तो निचऱ्याच्या जमिनीत सोसतो. मुळशीकडे पाऊस याच्या कितीतरी पट. त्यात भारी काळी माती असेल तर आठवडेच्या आठवडे वाफसा येत नाही, म्हणजे जादा पाणी निघून माती मोकळी होत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशीला आयते रान मिळते.

प्रत्येक झाडाचे खोड बुंध्यापासून वरपर्यंत अंगठ्याने दाबून पाहा. टणक लागले तर झाड ठीक. मऊ लागले, आंबूस वास आला, तर वाट पाहू नका. करवतीने खोड बुंध्याकडून वर कापत जा. काप आतून पांढरा, कोरडा, स्वच्छ दिसला पाहिजे. तपकिरी ठिपका जरी दिसला तरी आणखी चार बोटे वर कापा. प्रत्येक कापानंतर करवत स्पिरिटने पुसा, नाहीतर रोग तुमच्याच हाताने पुढे जाईल. पोगा निसटला असला तरी मधला टणक तुकडा मिळाला तर तोही जगतो, त्याला बाजूने डोळे फुटतात. तो तुकडा सावलीत ५ ते ७ दिवस सुकू द्या, मगच लावा. कुजलेला बुंधा मुळांसकट काढून जाळा. खताच्या खड्ड्यात टाकू नका.

उरलेल्या नऊ झाडांना कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक ३ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून बुंध्याशी आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळांशी ओता. लॉनच्या आणि झाडांच्या मध्ये उताराच्या दिशेने फूटभर खोल चर काढा. आणि युक्काची ठिबक लॉनच्या पाण्यापासून कायमची वेगळी करा. लॉनला उन्हाळ्यात जवळपास रोज पाणी लागते. नीट रुजलेल्या युक्काला त्याच उन्हाळ्यात १५ ते २० दिवसांनी, हिवाळ्यात महिन्यातून एकदा आणि पावसाळ्यात अजिबात नाही. एकाच नळीवर या दोघांचा संसार होत नाही.

नवी झाडे लावाल तेव्हा खड्ड्यात लावू नका. फूटभर उंच वरंबा करा. निम्मा मुरूम किंवा जाड वाळू, उरलेल्यात पोयटा आणि कुजलेले शेणखत सारखे. बुंध्याभोवती आळे करायची आपली सवय आंब्या-नारळाला चांगली, इथे ती मोडावी लागेल.

कोथरूड : गॅलरीतल्या कुंडीत युक्काच्या पानांची टोके करपतात. खालची पाने पिवळी होऊन गळतात.

ताई, खालची दोन-चार पाने गळणे हा झाडाच्या वाढीचाच भाग आहे, ती कापून टाका. टोके करपण्याचे कारण बहुधा पाण्यातले क्षार. बोअरचे पाणी देत असाल तर मातीवर पांढरा थर दिसेल. तो खरवडून काढा, एकदा भरपूर साधे पाणी घालून कुंडी धुवून निथळू द्या आणि बशीत पाणी साचू देऊ नका. पुढे शक्यतो पावसाचे पाणी साठवून वापरा. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण; कापडाने पुसून कडुलिंबाचे तेल ५ मिली आणि थोडा साबण एक लिटर पाण्यात ढवळून संध्याकाळी फवारा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पाने चघळू देऊ नका. युक्कात सॅपोनिन असते, त्याने त्यांना उलट्या होतात.

उरुळी कांचन : नर्सरीसाठी युक्काची रोपे तयार करायची आहेत. बी कुठे मिळेल?

बियांच्या मागे लागू नका. युक्काच्या फुलाचे परागीभवन त्याच्या मूळ प्रदेशातला एक खास पतंग करतो, तो आपल्याकडे नाही. म्हणून फुले भरभरून आली तरी फळ सहसा धरत नाही. खोडाचे फूटभर लांबीचे तुकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. वरच्या टोकाला चुन्याची खूण करायला विसरू नका, कारण उलटा लावलेला तुकडा वाया जातो. वरच्या कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, खालचा काप सुकवा आणि एक तृतीयांश भाग वाळू-कोकोपीटमध्ये पुरा. दोन महिन्यांत मुळे धरतात. तोवर माध्यम फक्त ओलसर ठेवा. टोकदार पानांच्या जातीची रोपे वेगळी ठेवा आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा, पायवाटेपासून पाच फूट दूर लावायला. ते टोक नेमके लहान मुलांच्या डोळ्याच्या उंचीवर येते.

सासवड : मोबाईलवर ‘युका’च्या कंदाच्या पाककृती पाहिल्या. बागेतल्या युक्काचा कंद खाता येईल का?

नाही, तो खाऊ नका. पाककृतीतला युका म्हणजे कसावा, ज्याच्यापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो आणि ज्याची तमिळनाडूत सेलम भागात मोठी लागवड आहे. नाव जवळचे, पण झाडे पूर्ण वेगळ्या कुळातली. आणि कसावासुद्धा कच्चा खात नाहीत, त्यात विषारी घटक असतो.

तुम्ही पुढे विचारले आहे की फुलोरा आल्यावर झाड मरते का. ते घायपाताचे. युक्काचा फुलोरा सुकला की दांडा बुडातून छाटा. त्या शेंड्याच्या बाजूला नवे फुटवे येतात आणि झाड वाढत राहते.