आधी कागदावर जुळव, मग रेझिन भिजव

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझी पायरोल-इमिडाझोल पॉलिअमाइडची, म्हणजे डीएनएवरचा ठरावीक अक्षरक्रम ओळखून त्याला चिकटणाऱ्या रेणूची, रचना पाहिली. पायरोल आणि इमिडाझोलची वलयं बरोबर निवडलीस, दिशा मात्र उलटी लागली आहे. रेणूचं अमिनो टोक डीएनएच्या ५′ बाजूला यायला हवं. मायनर ग्रूव्हमध्ये, म्हणजे डीएनएच्या अरुंद खाचेत, वलयं समोरासमोर जोडीनं बसतात: इमिडाझोलसमोर पायरोल आलं तर जी-सी, पायरोलसमोर इमिडाझोल आलं तर सी-जी. दोन्हीकडे पायरोल असेल तर ए-टी की टी-ए हे रेणूला कळत नाही.

ए-जी-टी-ए-सी-टी हे लक्ष्य घे. इमिडाझोल, तीन पायरोल, गॅमा वळण (रेणूला मधे दुमडणारा दुवा), पुन्हा इमिडाझोल, तीन पायरोल, शेवटी शेपटीला बीटा-अ‍ॅलनिन. मधल्या चार जोड्या वलयं वाचतात. वळण आणि शेपटी यांना कडेला ए किंवा टीच लागतो, तिथं जी आला की पकड सुटते. रसायनशास्त्रज्ञ पीटर डर्व्हन यांच्या गटानं १९९६ मध्ये याच रेणूवर दाखवलं, की सीच्या जागी टी आला तर पकड सुमारे १०० पट ढिली होते. तरीही चार जागी ए की टी हे कळत नसल्यानं हा रेणू १६ वेगवेगळे क्रम स्वीकारतो. म्हणजे सरासरी दर २५६ जोड्यांमागे एक जागा, मानवी जीनोममध्ये सव्वा कोटीच्या आसपास! प्रबंधात ‘एकाच जनुकावर बसतो’ असं लिहू नकोस.

आता रेझिन, म्हणजे ज्या मण्यांवर रेणू एकेक तुकडा जोडत वाढवायचा ते. लोडिंग (मण्यांवरच्या जोडणीच्या जागा) ०.२५ मिलिमोल प्रति ग्रॅम असेल तर ४०० मिलिग्रॅम घे, मोनोमर (जोडायचा तुकडा) त्या जागांच्या चौपट, म्हणजे ०.४ मिलिमोल. इमिडाझोलचा अमाइन फार मंद असतो, त्यावर गॅमा थेट चढवायला जाऊ नकोस. गॅमा-इमिडाझोलचं आम्ल आधीच बनवून एकदम जोड. अशी आठ जोडणी होतात. प्रत्येक ९९% झाली तर ९२% माल हाती येतो, ९५% झाली तर जेमतेम ६६%. म्हणून अध्येमध्ये चिमूटभर रेझिनवरचा माल कापून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, बघत जा.

आणि पावसाळा सांभाळ. खानापूरकडून झड लागली की बेळगावात उघड्या बाटलीतला डीएमएफ (जोडणीसाठीचा द्रावक) हवेतलं पाणी ओढतो. माशासारखा वास आला तर त्यात डायमिथाइल अमाइन तयार झालंय; तो तुझा सक्रिय एस्टर, म्हणजे जोडणीसाठी तयार केलेला मोनोमर, खाऊन टाकतो. अशी बाटली वापरू नकोस. नवी आणलीस की लगेच मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे खडे) टाक.

तयार रेणूच्या द्रावणाची सांद्रता वजनावरून काढू नकोस, मीठ आणि पाणी फसवतात. ३१० नॅनोमीटरच्या आसपास शोषण मोज. आठ वलयांना मोलर शोषणांक ६९,२०० धर. मग २ मायक्रोमोलर डीएनए, ३ मायक्रोमोलर रेणू घेऊन डीएनएचं वितळण्याचं तापमान (दोन धागे सुटतात ते) किती वर चढतं ते बघ, आणि सीच्या जागी टी असलेला तुकडा त्याच दिवशी, त्याच बफरमध्ये शेजारी लाव. त्याचंही तापमान तितकंच वर चढलं तर दिशा पुन्हा तपास आणि मला कळव.