‘मी टू’ की ‘मी नायदर’?

प्रश्न : ‘आय डोन्ट लाइक टी’ असं कुणी म्हटलं तर ‘मी टू’ म्हणायचं का? आणि ‘सो डू आय’मधला ‘डू’ कधी ‘अ‍ॅम’ तर कधी ‘डिड’ का होतो?

उत्तर : ‘मी टू’ इथे चालणार नाही. ‘मला पण’ आणि ‘मला पण नाही’ या दोन्हींत आपला ‘पण’ जागेवरच राहतो. इंग्रजीत मात्र वाक्य होकारार्थी असेल तर ‘सो’ किंवा ‘टू’ आणि नकारार्थी असेल तर ‘नायदर’, ‘नॉर’ किंवा ‘आयदर’ लागतो. म्हणून उत्तर ‘नायदर डू आय’ किंवा ‘आय डोन्ट आयदर’. गप्पांत ‘मी नायदर’. सर्रास ऐकू येणारं ‘आय ऑल्सो डोन्ट’ टाळलेलं बरं.

आता ‘डू’चं. समोरच्याच्या वाक्यातलं सहायक क्रियापद उचला आणि आपल्या कर्त्याप्रमाणे बदला : ‘शी इज टायर्ड’ – ‘सो अ‍ॅम आय’, ‘शी हॅज फिनिश्ड’ – ‘सो हॅव आय’. सहायक क्रियापद दिसत नसेल तर काळ पाहून डू, डझ किंवा डिड घ्या. ‘आय वेन्ट होम’ला ‘सो वेन्ट आय’ नव्हे, ‘सो डिड आय’. ‘आय कान्ट स्विम’ला ‘नायदर कॅन आय’. ‘नायदर’मध्ये नकार आलेलाच आहे, पुन्हा ‘कान्ट’ नको.

खरी फसगत ‘हॅव’ करतं. ‘आय हॅव अ हेडेक’ – ‘सो डू आय’, कारण इथे ते मुख्य क्रियापद आहे. ‘आय हॅव गॉट अ हेडेक’ – ‘सो हॅव आय’. ‘आय हॅड टू वेट’ – ‘सो डिड आय’. बोलताना ‘आय’ड’ ऐकू आलं तर पुढचा शब्द पकडा : ‘आय’ड लाइक सम टी’ – ‘सो वुड आय’, पण ‘आय’ड सीन इट’ – ‘सो हॅड आय’.

‘नॉट’ नसलं तरी नकार लपलेला असू शकतो. ‘आय नेव्हर ईट आउट’, ‘आय हार्डली स्लेप्ट’ यांना ‘नायदर’च लागतो. उलट ‘आय अ‍ॅम अनहॅपी’ला ‘सो अ‍ॅम आय’, कारण तिथे अर्थ नकारात्मक असला तरी क्रियापद होकारार्थी आहे.

शब्दांचा क्रमही सांभाळा. ‘यू हॅव ड्रॉप्ड युअर पेन’ला ‘सो हॅव आय’ म्हटलंत तर तुमचंही दुसरं एखादं पेन पडलं असा अर्थ होईल. ‘अरे, खरंच की!’ म्हणायचं असेल तर ‘सो आय हॅव’.

प्रश्न : ‘यू डोन्ट ईट मीट?’ याला शाकाहारी माणसानं येस म्हणायचं की नो?

उत्तर : नो. ‘हो, नाही खात’ म्हणताना आपण समोरच्याच्या बोलण्याला होकार देतो. इंग्रजीत येस-नो आपल्याच क्रियापदाबरोबर जातं, त्यामुळे ‘येस, आय डोन्ट’ ही जोडी जमत नाही. दवाखान्यात ‘यू आर नॉट अ‍ॅलर्जिक टू पेनिसिलिन?’ विचारलं आणि नुसतं ‘येस’ म्हटलं, तर ऐकणारा अ‍ॅलर्जी आहे असंही समजू शकतो. पूर्ण बोला : ‘नो, आय अ‍ॅम नॉट’. ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’लाही बसू द्यायचं असेल तर उत्तर ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल’.