देवाची इच्छा आणि शुक्रवारची मुदत

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. दोन नोकऱ्या समोर आहेत, शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे, आणि यातली देवाची इच्छा कोणती हे उमगत नाही म्हणून तू रात्र रात्र जागतो आहेस. आणि सगळ्यात शेवटी, ताजा कलम म्हणून, खोलीतल्या मित्राशी महिनाभर बोलणं बंद आहे हेही लिहिलंस. मी त्या ताज्या कलमापासूनच सुरुवात करते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, 5व्या अध्यायात, प्रभू येशू म्हणतो की, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. यात आपल्याला राग आला आहे असं म्हटलेलं नाही, त्याला आला आहे. चूक कुणाची याची चौकशीही नाही. उठून जायचं ते आपण. हे बोलणं झालं गालीलात आणि वेदी यरुशलेमात, म्हणजे अर्पण सोडून घरी परतायचं तर काही दिवसांची पायपीट. तुझा मित्र दोन हातांवर झोपतो.

मेसेज पाठवू नकोस. समोर बस, हेडफोन काढून ठेव. ‘तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर’ असंही म्हणू नकोस. असेल-नसेल कशाला, वाटलंच आहे. चारचौघांत त्याची टिंगल केली, ते चुकलं, एवढंच सांग आणि गप्प राहा. त्याच्या कोणत्या बोलण्यावरून तू भडकलास ते त्या दिवशी काढायचं नाही. तो लगेच विरघळेल असं नाही. प्रेषित पौलही रोमच्या मंडळीला लिहिताना ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं’ शांतीने राहा असंच म्हणतो. पुढचं त्याच्यावर सोड.

आता नोकरी. ‘देवाची इच्छा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुढच्या वीस वर्षांचा नकाशा येतो. पवित्र शास्त्रात हे शब्द जिथे सरळ येतात तिथे बहुधा आजचं बोलणं असतं. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, 5व्या अध्यायात, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, तुमच्याविषयी देवाची इच्छा हीच आहे, असं लिहिलं आहे. कोणत्या गावी राहायचं, कुठल्या ऑफिसात बसायचं, यावर तिथे एक ओळ नाही. दोन्ही कामं प्रामाणिक असतील, कुणाला फसवावं लागत नसेल, तर त्यातलं एक निवडण्याची मोकळीक तुला आहे असं मी मानते. याकोब आपल्या पत्रात सांगतो की ज्ञान उणं असेल तर देवाकडे मागा. मागायचं ते ज्ञान, तयार उत्तर नव्हे.

तू गिदोनासारखी खूण मागितलीस म्हणे. शास्ते या पुस्तकाच्या 6व्या अध्यायातली ती लोकर, म्हणजे रात्री खळ्यात ठेवून दंव तिच्यावर पडतं की जमिनीवर यावरून देवाची खूण पाहिली ती, सगळ्यांना पाठ असते, तिच्या आधीचं मात्र वाचलं जात नाही. इस्राएलाला मिद्यानी लोकांच्या हातून सोडव, हे देवाने गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितलेलं होतं. लोकर त्याच्या भीतीतून आली. देवाने ती भीती सांभाळून घेतली, हा देवाचा मोठेपणा. निर्णय घेण्याची रीत म्हणून ती आपल्याला शिकवलेली नाही. आणि एक, ‘देवानेच मला सांगितलं’ असं घरी जाहीर करू नकोस. त्यानंतर आईवडिलांना बोलायला जागाच उरत नाही. आपल्या मंडळीत हे वाक्य जरा सैलपणे वापरलं जातं.

वाट चुकेल ही तुझी भीती कळते. पण प्रेषितांच्या कृत्यांचा 16वा अध्याय काढ. पौलाला आशिया प्रांतात जायचं होतं, पवित्र आत्म्याने अडवलं. बिथुनियात जाऊ लागला, तिथेही तेच. त्रोवसात दृष्टान्त झाला आणि मासेदोनियाची दिशा मिळाली. इतक्या स्पष्ट मार्गदर्शनानंतर फिलिप्पैत काय वाढून ठेवलं होतं? लुदियाचं घर उघडलं हे खरं, पण फटकेही बसले आणि सीलासोबत तुरुंगात पाय खोड्यात अडकले. म्हणून उद्या निवडलेल्या नोकरीत त्रास झाला तर ‘दुसरी घ्यायला हवी होती’ असं लगेच ठरवू नकोस.

प्रार्थना कोरडी झाली आहे, असंही तू लिहिलं आहेस. रात्री तीनपर्यंत फोनवर पगार आणि कंपन्यांची तुलना करणाऱ्याची प्रार्थना कोरडी होणारच. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर विजय मिळवल्यानंतर एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला आणि रानात एका झुडपाखाली मरण मागत पडला. पुढे होरेब डोंगरावर देव त्याच्याशी मंद वाणीने बोलला, त्यावर पुष्कळ उपदेश होतात. मला त्याआधीचा भाग जास्त आवडतो. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं, ऊठ, खा म्हणाला, पुन्हा झोपू दिलं आणि पुन्हा खायला घातलं. ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर आला. तेव्हा दोन रात्री पोटभर जेवून वेळेवर झोप. जागरणाच्या डोक्याने काहीही ठरवू नकोस.

माझं मत विचारशील तर पहिली नोकरी. पगार कमी आहे, पण तिथला वरिष्ठ हाताला धरून शिकवतो असं तूच लिहिलंस, आणि या वयात ते मोठं. शिवाय रविवार मोकळा राहील. दुसरीत पैसा आहे, पण मुलाखतीतच त्यांनी खोटी आकडेवारी दाखवायला लावली हे तू एका ओळीत उरकलंस. मी ती ओळ पुन्हा वाचली. माझा शब्द मात्र अखेरचा धरू नकोस, वडिलांशी बोल, पाळकांना विचार. आणि शुक्रवारची वाट पाहू नकोस, गुरुवारीच कळवून टाक. ज्यांना नकार द्यायचा त्यांनाही नीट पत्र लिही, नुसतं गप्प बसू नकोस.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी