आधारची झेरॉक्स देण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नोकरी लागली, कांजूरमार्गला खोलीही ठरली, छान झालं. आता पंधरा दिवस तुझी कागदपत्रं मुंबईभर फिरतील. दलाल, सोसायटीचे सेक्रेटरी, भाडेकरार करून देणारा एजंट, ऑफिसचा एचआर, बँक, सगळे एकच म्हणतील, "आधार-पॅनची झेरॉक्स द्या." ओटीपी कुणाला सांगायचा नसतो हे तुला पक्कं ठाऊक आहे. मला काळजी आहे ती या झेरॉक्सची.

स्टेशनबाहेरच्या दुकानात आपण आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, तो प्रिंट देतो, आपण निघतो. फाईल त्याच्या कॉम्प्युटरवर राहते. पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल, आणि प्रिंट काढायला तो आपणच दुकानदाराला सांगतो. त्यापेक्षा कार्ड घेऊन जा, समोर उभं राहून प्रत काढ, बिघडलेली प्रतही मागून घे. मग पेन काढ आणि कागदावर आडवं लिही: "फक्त भाडेकरारासाठी", घेणाऱ्याचं नाव, तारीख, सही. हे कोपऱ्यात लिहिलंस तर कापून टाकता येतं. ओळ फोटोच्या कडेवरून आणि छापील अक्षरांवरून जायला हवी, फक्त नंबर वाचता आला पाहिजे. कोऱ्या प्रतीवर नुसती सही करून तर कधीच देऊ नकोस, तीच सर्वांत धोक्याची.

जिथे नुसती ओळख पटवायची असते तिथे मास्क्ड आधार दे. आधारच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करताना तो पर्याय निवडायचा. त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता अंगठ्याचं. बँकेत आधारवर चालणारी एक सोय आहे, एईपीएस. तिच्यात आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. ना पिन लागतो, ना ओटीपी. नोंदणी झालेल्या दस्तांवरचे ठसे उचलून रबरी अंगठे बनवल्याची प्रकरणं उघडकीस आली आहेत. म्हणून आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करून टाक. त्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाईलवरचा ओटीपी लागतो. एक लक्षात ठेव, लॉक असताना तुझाही अंगठा चालत नाही. भाडेकराराच्या नोंदणीला एजंट मशीन घेऊन घरी येईल तेव्हा आधी थोड्या वेळापुरतं अनलॉक कर, नाहीतर सगळे ताटकळत बसतील. "ठसा नीट आला नाही, परत ठेवा" असं तो म्हणाला तर आधी स्क्रीनवर काय आलंय ते स्वतः वाच, मगच बोट ठेव. आधारच्याच संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांत तुझं आधार कुठे कुठे तपासलं गेलं त्याची यादी दिसते. करार झाला की आठवड्याभरात ती बघ.

रोज लोकलने जाशील, म्हणून फोनबद्दल थोडं. फोनला लॉक असलं तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याला मिळू लागतात. सिमलाच पिन लाव, फोनच्या सेटिंग्जमध्ये सोय असते. मूळ पिन माहीत नसेल तर कंपनीला विचार, अंदाजाने टाकू नकोस. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कोड, मागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद. आजच *#06# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, वहीत लिहून ठेव. फोन गेलाच तर आधी दुसऱ्याच्या फोनवरून सिम बंद कर, मग बँकेला कळव, मग रेल्वे पोलिसांत तक्रार. तक्रारीच्या प्रतीवर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून फोन ब्लॉक होतो. त्याच पोर्टलवर तुझ्या नावावर किती नंबर चालू आहेत तेही दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर "माझा नंबर नाही" असं तिथेच नोंदव.

चोरलेल्या पॅनवर बहुतेक वेळा छोटं ऑनलाइन कर्ज काढतात. कर्ज त्याने घ्यायचं आणि वसुलीचे फोन तुला, चोर सोडून संन्याशाला फाशी! हे पकडायची जागा म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, तुझ्या नावावरच्या कर्जांची नोंदवही. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चारही एकदम काढू नकोस, दर तीन महिन्यांनी एक काढ. स्कोअरवर थांबू नकोस, खाली "एन्क्वायरी" हा भाग वाच. तू कधी अर्जच न केलेल्या कर्जकंपनीचं नाव तिथे दिसलं तर त्याच दिवशी रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे आणि त्या कर्जकंपनीकडे लेखी हरकत घे. दुरुस्तीला तीस दिवसांची मुदत असते. त्यापुढे दिरंगाई झाली तर रोजचे शंभर रुपये भरपाई मागता येते. खात्यातून पैसेच गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन कर आणि बँकेला तीन कामाच्या दिवसांच्या आत कळव. चूक तुझी किंवा बँकेची नसेल तर तेवढ्या मुदतीत कळवल्यास नुकसान तुझ्यावर येत नाही. बँकेकडून तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस.

भाडेकरार रविवारी आहे म्हणालास. बायोमेट्रिक अनलॉक कसं करायचं ते शनिवारी रात्रीच बघून ठेव.

तुझा काका