लेझर कटरचा बोर्ड पहिल्यांदा बदलतोयस? आधी एवढं बघ

अरे घाबरू नकोस, के४० (स्वस्तातलं छोटं चिनी लेझर कटर) मधला जुना कंट्रोल बोर्ड काढून जीआरबीएलवाला (जीआरबीएल म्हणजे मोटर आणि लेझर चालवणारं मोफत सॉफ्टवेअर) बसवणं जमण्यासारखं आहे, फक्त घाई केलीस की वाट लागते. सगळ्यात आधी प्लग काढ, नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण लेझर ट्यूबच्या (किरण तयार करणारी काचेची नळी) सप्लायमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात आणि बंद केल्यावरही चार्ज उरू शकतो. ट्यूबकडे जाणाऱ्या जाड वायरीला हातच लावू नको, तुझं काम तिकडे नाहीच.

मग फोटो काढ, प्रत्येक कनेक्टरचा, जवळून. मी पहिल्यांदा नाही काढले आणि मग सारखेच दिसणारे दोन पांढरे कनेक्टर हातात धरून बसलो, एक्स (आडव्या) मोटरचा कुठला नि वाय (उभ्या) मोटरचा कुठला, अख्खी संध्याकाळ गेली.

नवीन लोक हमखास इथे फसतात:

- पॉवर चालू असताना मोटरची वायर काढतात. ड्रायव्हर (मोटरला करंट देणारी चिप) जातो, विषय संपला.
- मोटर उलटी फिरली की बोर्डच खराब म्हणतात. अरे सेटिंगमध्ये दिशा उलटी कर, झालं.
- पहिल्याच दिवशी बीम (लेझरचा किरण) चालू करतात. आधी लेझर बंद ठेवून नुसतं हेड हलव, १०० मिमी सांगितलं तर पट्टीवर १००च भरतंय का बघ. ९७ भरलं तर स्टेप्सचा आकडा (एक मिमी सरकायला मोटरने किती पावलं टाकायची तो) चुकलाय.

आणि हो, लेझर मोड चालू कर, म्हणजे जीआरबीएलच्या सेटिंगमधल्या डॉलर ३२ ($32) ची किंमत १ कर, नाहीतर हेड थांबलं तरी बीम चालू राहून एकाच जागी जाळत बसतो.

मायक्रोस्टेपिंग (मोटरचं प्रत्येक पाऊल आणखी बारीक करणं) वगैरे आत्ता बघूच नको. जुना बोर्ड मात्र जपून ठेव, अडलास तर परत लावता येईल.