घरच्या बोअरची मोटार पुन्हा पुन्हा जळते. आता कोणत्या कंपनीची घ्यावी?

तुम्ही लिहिलंय ते असं: बोअर ४५० फूट, मोटार ३८० फुटांवर, दीड एचपी, सिंगल फेज. दोनदा रिवाइंडिंग झालं, मग नवी टाकली, आता तीही बंद. एवढं सगळं सांगून विचारता काय, तर कंपनी कोणती! कंपनीवर येते, पण शेवटी. हाच प्रश्न आमच्या घरात कित्येक उन्हाळे गाजलाय आणि अजून मिटलेला नाही, म्हणून जरा लांबण लागेल.

आम्ही लातूरचे. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आमच्याच शहरात. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि आमच्या गल्लीत बोअरच्या गाड्यांची रांग लागली होती. आमचा बोअर त्याच उन्हाळ्यातला, साडेसहा इंची, ३१० फूट, पाणी लागलं १९० फुटांवर, मोटार सोडली २८० फुटांवर. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत काही तक्रार नसायची. एप्रिल उजाडला की बोअर गुळण्या टाकायला लागायचा आणि मे संपायच्या आत मोटार वर काढायची वेळ यायची. पाइप ओढणारी पोरं, दुकानदार, रिवाइंडिंगवाला, सगळे आम्हाला नावानं ओळखायला लागले.

मोटार पहिल्यांदा उघडली तेव्हा मी दुकानात उभी होते. वायंडिंग (मोटारीतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, ठीक दाखवत होतं. जळालं होतं ते पंपाचं अंग: प्लास्टिकचे इंपेलर (पाणी वर ढकलणारी फिरती चाकं) वितळून, वाकडे होऊन एकमेकांत रुतले होते. आमचे भाऊजी (मोठे दीर, घरातले तांत्रिक सल्लागार, नेमणूक स्वतःची स्वतःच) म्हणाले, "बघा, प्लास्टिक हलकं. कंपनीच हलकी." मी म्हटलं, पाण्यात बुडालेलं प्लास्टिक वितळेल कसं? पंपात पाणी नव्हतं म्हणून वितळलं. त्यावर ते हसले आणि दुसऱ्या कंपनीची दोन एचपीची मोटार घेऊन आले. "ताकद कमी पडत होती."

दोन एचपीनं त्या वर्षी मे महिन्याचीही वाट पाहिली नाही.

मग मी दोनशे लिटरचा ड्रम, फोनमधलं घड्याळ आणि एक वही घेऊन बसले. तुम्हीही नवी मोटार घ्यायच्या आधी हे करा, फुकट आहे. आधी पाणी किती फुटांवर उभं आहे ते मोजा: दोऱ्याला जड नट बांधून केसिंगमधून सोडायचा, केबलमध्ये अडकू द्यायचा नाही, आणि दोरा ओला कुठून झाला ते बघायचं. रात्रभर मोटार बंद ठेवून पहाटे मोजायचं. आमच्याकडे एप्रिलमध्ये पाणी १६० फुटांवर होतं. मोटार २८०वर, म्हणजे वर १२० फूट पाणी. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं (लक्षात ठेवायला सोपं). १२० फुटांचे झाले ७८० लिटर. हा झाला साठा. आता आवक. मोटार पाणी तुटेपर्यंत चालवली, बंद केली, पातळी वर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. मिनिटाला सात लिटरच्या आसपास आवक निघाली.

जुनी दीड एचपी मिनिटाला चाळीस लिटर उपसत होती. आवक वजा केली तरी चोवीस-पंचवीस मिनिटांत बोअर रिकामा. तेवढ्या वेळात गच्चीवर पोचतं साडेनऊशे लिटर पाणी, आणि आमची टाकी हजार लिटरची. म्हणजे "टाकी भरली की मोटार बंद करायची" हा घरचा नियम पाळला तर उन्हाळ्यात मोटार रोज शेवटची काही मिनिटं कोरडी चालणार. दोन एचपी मिनिटाला साठ लिटर ओढते, तिला तो बोअर रिकामा करायला पंधरा मिनिटं पुरतात. पावसाळ्यात पातळी वर असते म्हणून तेव्हा काही होत नाही. आपली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. बोअर घेताना गाडीवाल्यानं "तीन इंच पाणी आहे" सांगितलं असेल, ते त्या दिवसापुरतं.

ही वही भाऊजींसमोर ठेवली. ते म्हणाले, मग बोअर आणखी खोल करू. आमच्या भागात खाली काळा पाषाण. त्यात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यात. खाली अखंड कातळ लागला की पाचशे फूट गेलात तरी धुरळाच निघतो. शेजारच्यांचा निघाला. पैसे फुटावर घेतात, पाण्यावर नाही.

मी वायरमनला बोलावून दोन गोष्टी करून घेतल्या. बोअरच्या तोंडाशी डिलिव्हरीला (पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपाला) गेट व्हॉल्व्ह बसवला आणि तो आवळून पाणी मिनिटाला चाळीस लिटरवर आणलं. भाऊजी ओरडले, "व्हॉल्व्ह आवळला की मोटारीवर लोड येतो, जळेल!" ही समजूत गावोगाव आहे आणि बोअरच्या नेहमीच्या पंपाला ती उलटी लागू पडते. टाँग टेस्टर (वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर) लावून त्यांना दाखवलं: व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना तेरा अँपिअर, आवळल्यावर अकराच्या खाली. पंप कमी पाणी उचलतो, मोटार कमी करंट घेते. त्यावर भाऊजींचं म्हणणं, "मीटर खराब असेल."

दुसरं, पॅनेलमध्ये टायमर आणि ड्राय रन (पाणी तुटलं की करंट ओळखून मोटार बंद करणारं यंत्र) बसवलं. पंधरा मिनिटं चालू, मग दोन तास बंद. पंधरा मिनिटांत सहाशे लिटर येतात, ते बोअरमध्ये परत भरायला दीड तास लागतो, वर थोडी सवलत. टाकी एकदम भरत नाही, दिवसभरात भरते. कुणाचं काही अडलं नाही. मोटार तेव्हापासून खालीच आहे. भाऊजी अजूनही पाहुण्यांना सांगतात की कंपनी बदलली म्हणून टिकली.

आता तुमचं. तुमच्या बोअरमध्ये आवक हेच दुखणं असेल असं नाही, पण ३८० फूट म्हटल्यावर मला पहिला संशय केबलचा. पॅनेलपासून बोअरपर्यंतचं अंतर धरून जाऊन-येऊन पावणेतीनशे मीटर तांबं होतं. दीड एमएमची वायर असेल तर दहा अँपिअरला तेहेतीस व्होल्ट वाटेतच खर्च होतात, अडीच एमएमला वीस, चार एमएमला बारा-तेरा. संध्याकाळी पॅनेलवर दोनशे व्होल्ट दिसत असतील आणि खाली दीड एमएमची वायर असेल, तर मोटारीला मिळतात १६७. सुरू होतानाचा करंट कितीतरी पट, तेव्हा तर विचारूच नका. अशा व्होल्टेजवर ती घुमते, तापते, जळते. दुकानदार मोटार विकतो आणि केबल जुनीच जोडतो, कारण केबलचं बिल ऐकून गिऱ्हाईक पळतं. केबलचा जॉइंटही बघा. पाण्यातला जॉइंट साध्या टेपनं गुंडाळला असेल तर पुढचं भाकीत मी इथूनच करते.

दुसरा संशय: पाणी किती फुटांवर लागलं होतं? ते २४०वर लागलं असेल आणि मोटार ३८०वर असेल, तर पाणी वरून येतं आणि पंपाच्या जाळीतून आत जातं. जाळी मोटारीच्या वर असते. म्हणजे खाली मोटारीभोवतीचं पाणी हलतच नाही आणि तिला थंड करायला काही वाहत नाही. इलाज आहे: मोटारीवर पाइपाचं आवरण चढवतात, कूलिंग स्लीव्ह म्हणतात त्याला, म्हणजे पाणी खालून मोटारीला घासून वर येतं. निम्म्या वायरमनांना हे माहीत नसतं, उरलेल्यांना कंटाळा असतो.

आणि रिवाइंडिंगवाल्याकडून जुनं वायंडिंग हातात मागून घ्या. "जळालं" एवढ्यावर समाधान मानू नका. सगळं सारखं काळं पडलं असेल तर कमी व्होल्टेज, जास्त लोड किंवा थंडावा नसणं. फक्त स्टार्टिंगचं, म्हणजे मोटार सुरू करून देणारं वायंडिंग काळं असेल तर पॅनेल दोषी: स्टार्टिंग कपॅसिटर वेळेवर सुटत नाही, त्याला सोडवणाऱ्या रिलेचे पॉइंट चिकटतात. तुमची मोटार कितीही भारी घेतली तरी ते पॅनेल तिला पुन्हा जाळणार. वायंडिंग ठीक आणि पंप जाम असेल तर वाळू किंवा कोरडं चालणं.

थोडं जपून. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून मोटार चालवायची नाही, आतलं पाणी उकळायला लागतं, आणि फार आवळला तर मोटारीजवळून वाहणारं पाणीही कमी होतं. ड्राय रन बसवताना वायरमन अंदाजानं आकडा टाकतात. सिंगल फेजला पाणी तुटल्यावर करंट फार खाली येत नाही, म्हणून पाणी असताना किती आणि तुटल्यावर किती हे स्वतःच्या मोटारीवर मोजून मधला आकडा टाकायला सांगा. पॅनेल उघडण्याआधी मेन बंद करा. कपॅसिटर त्यानंतरही झटका देतो, म्हणून हात वायरमनचाच लागू द्या. थ्री फेज असेल तर वरचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत, तिथे एक फेज गेल्यावर मोटार बंद करणारं यंत्र आहे का ते आधी बघा.

कंपनी: आयएस ८०३४चा आयएसआय मार्क असलेली आणि जिचं सर्व्हिस सेंटर तुमच्याच शहरात आहे अशी कोणतीही. बिल शिक्क्याचं घ्या. वॉरंटीत कोरडं चालल्याचं नुकसान येतं का ते दुकानातच वाचून घ्या, बहुधा येत नाही. एचपी वाढवू नका, कुणीही कितीही आग्रह केला तरी, विशेषतः नात्यातल्यानं.

केबल किती एमएमची आहे, पाणी किती फुटांवर लागलं आणि संध्याकाळी सातला पॅनेलवर मोटार चालू असताना किती व्होल्ट दिसतात, हे तीन आकडे खाली टाका. मोटार किती फुटांवर सोडायची ते मग बोलू.